विज्ञानकथेने गुपित राखावे का?

वरळीत नेहरूंच्या नावाच्या दोन जागा मुंबईतल्या शाळकरी पोरांना पाठ असतात. एक १९७७ सालचे नेहरू तारांगण, दुसरे १९८५ मध्ये खुले झालेले नेहरू विज्ञान केंद्र. विज्ञान सगळ्यांचे आहे, या आणि हात लावून पाहा, असे या जागा सांगतात. मागच्या सुट्टीत भाच्याला घेऊन गेलो होतो. निघताना त्याने विचारले, "मामू, बॉम्ब कसा बनतो ते इथे का नाही दाखवत?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न जुना आहे, आणि तो विज्ञानकथेलाही विचारला गेला आहे.

मार्च १९४४. अमेरिकेत अणुबॉम्बचे काम अत्यंत गुप्तपणे चालू होते. त्याच महिन्यात 'अस्टाउंडिंग' मासिकात क्लीव्ह कार्टमिल याची 'डेडलाइन' ही कथा छापून आली. तिच्यात युरेनियम-२३५ च्या बॉम्बचे वर्णन होते. गुप्तहेर खाते संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या दारात हजर झाले. चौकशीत निघाले काय? लेखकाने वापरलेली माहिती युद्धाआधीच्या उघड नियतकालिकांत छापलेली होती! कॅम्पबेल यांनी पुढे सांगितले की, अशा कथा एकाएकी बंद केल्या तर त्यावरूनच शत्रूला संशय येईल, हे त्यांनी अधिकाऱ्यांना पटवले.

त्याच्याही ३० वर्षे आधी, १९१४ मध्ये, एच. जी. वेल्स यांनी कादंबरीत 'अणुबॉम्ब' हा शब्द वापरला होता. ती कादंबरी लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये वाचली. पुढच्याच वर्षी साखळी प्रक्रियेची कल्पना त्यांना सुचली, आणि तिचे पेटंट गुप्त राहावे म्हणून त्यांनी ते ब्रिटिश नौदलाच्या हवाली केले. म्हणजे कथेने या माणसाला धोक्याची जाणीव आधीच करून दिली होती, आणि गुप्ततेचा निर्णय त्याने स्वतः, विचार करून घेतला.

आता आपल्याकडे या. एप्रिल १९४८ मध्ये संविधान सभेत अणुऊर्जा विधेयक आले. म्हैसूरचे कृष्णमूर्ती राव यांनी हरकत घेतली. ब्रिटनमध्ये गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे, मग आपल्याकडे सगळ्याच संशोधनावर पडदा कशाला? नेहरूंचे उत्तर असे की, शांततेचे संशोधन आणि संरक्षणाचे संशोधन वेगळे कसे काढायचे, हे आपल्याला कळत नाही. ज्यांच्या नावाने वरळीत विज्ञानाची दारे उघडी आहेत, त्यांच्याच हातून हा पडदा टांगला गेला.

त्याची किंमत मुंबईकरांनी पाहिली. १९९५ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाने देशातल्या अणुकेंद्रांतील सुरक्षेच्या सुमारे १३० बाबी नोंदवल्या. तो अहवाल लोकांना दाखवा, अशी मागणी पीयूसीएल आणि मुंबई सर्वोदय मंडळ यांनी न्यायालयात केली. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातले कलम १८ आडवे आले. मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. यात बॉम्बची कृती कुणी मागितली नव्हती. आपल्या शेजारच्या भिंतीला तडा आहे का, एवढेच विचारले होते.

फरक इथे आहे. कृती आणि इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत नामशेष झालेल्या संस्कृतीने पुरून ठेवलेले ज्ञान आजच्या शास्त्रज्ञांच्या हाती लागते, आणि त्यातून वामन नावाचा यंत्रमानव घडतो. पुस्तक वाचून कुणी वामन बनवू शकणार नाही. पण हाती आलेले ज्ञान वापरण्याआधी थांबून विचार करावा, हे शाळकरी पोरालाही कळते. नारळीकर तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. काय सांगायचे आणि काय नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणून माझे मत असे: घातक वस्तूची नेमकी कृती, मापे, प्रमाण कथेत नसले तर कथेचे काही बिघडत नाही. ते लेखकाने आपणहून गाळावे. पण धोका आहे, तो कुणाच्या हातात आहे आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे सांगायला कुणाची परवानगी लागू नये.

भाच्याला आता उत्तर देता येईल. बॉम्ब कसा बनतो ते नाही दाखवले तरी चालेल, बेटा. पण तो पडल्यावर काय होते, ते मात्र दाखवलेच पाहिजे.