नशीब की कौशल्य : भारतीय जुगारविषयक कायद्यातील एक भेदरेषा

भारतात जुगारविषयक कायद्याचा इतिहास नशीब व कौशल्य यांतील भेदाभोवती फिरतो. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी व १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती प्रामुख्याने कौशल्याच्या मानल्या. घोड्याची वंशावळ व स्वाराचा अनुभव अभ्यासता येतो. स्लॉट मशीनची प्रत्येक फेरी मात्र मागील फेरीपासून स्वतंत्र असते. तथापि अभ्यासू खेळाडूचीही हानी टळत नाही, कारण बुकीच्या भावात त्याचा नफा आधीच अंतर्भूत असतो. २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच नाकारला. खेळाच्या स्वरूपापेक्षा खेळणाऱ्याची हानी येथे महत्त्वाची ठरली.