कंकाचे फासे : सदोष पात्रांच्या घडणीचा एक मागोवा

महाभारताच्या विराटपर्वाच्या आरंभी एक लहानसा, परंतु भारतीय कथनपरंपरेच्या दृष्टीने असाधारण असा प्रसंग येतो. बारा वर्षांचा वनवास संपलेला आहे आणि तेराव्या वर्षाचा अज्ञातवास समोर उभा आहे. पाच पांडव आणि द्रौपदी एकत्र बसतात आणि प्रत्येकजण स्वतःसाठी एक पात्र घडवतो. त्या पात्राला नाव दिले जाते, कौशल्य दिले जाते, आणि कोणी विचारलेच तर सांगण्याजोगा पूर्ववृत्तान्तही ठरवला जातो. भीम बल्लव नावाचा आचारी होतो, अर्जुन बृहन्नडा होऊन अंतःपुरात नृत्य शिकवणार असतो, नकुल घोड्यांकडे आणि सहदेव गाईंकडे जातो, द्रौपदी सैरंध्री बनते. या सर्वांत युधिष्ठिराची निवड वाचकाला थबकायला लावणारी आहे. तो कंक नावाचा, द्यूतात निपुण असलेला ब्राह्मण होतो. ज्या फाशांनी राज्य गेले, भाऊ दास झाले आणि पत्नी भर सभेत पणाला लागली, तेच फासे तो आपल्या नव्या ओळखीचे लक्षण म्हणून हाती घेतो. सभापर्वातला दोष विराटपर्वात भूमिका बनतो.

दुसरा जन्म घ्यावयाची मुभा मिळाली असता माणूस त्या जन्मात आपली उणीव का घेऊन जातो, हा प्रश्न या प्रसंगाच्या मुळाशी आहे. हाच प्रश्न आज एका अगदी निराळ्या क्षेत्रात नव्याने उभा राहिलेला दिसतो. संगणकांच्या जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या, भविष्यकाळातील ग्रहताऱ्यांवर घडणाऱ्या विज्ञानकल्पित भूमिका-खेळांत सहभागी होणारा प्रत्येकजण प्रथम एक पात्र रचतो. ते पात्र निर्दोष असू नये, कारण निर्दोष पात्राबरोबर इतरांना खेळताच येत नाही, हा तेथील अनुभवी खेळाडूंचा परिपाठ आहे. म्हणून कोणी भित्रा वैमानिक रचतो, कोणी कर्जात बुडालेला व्यापारी, तर कोणी आपल्या सैन्याशी दगा केलेला अधिकारी. हा सारा व्यवहार पाश्चात्त्य आणि सर्वस्वी नवा मानण्याकडे आपला कल असतो. परंतु स्वतः रचलेल्या किंवा स्वीकारलेल्या सदोष पात्रात शिरून, समोरच्या सोबत्याच्या साक्षीने ते क्षणोक्षणी घडवत जाण्याची कला मध्य भारतात पूर्वीपासून नांदत आली आहे. तिचे एक महत्त्वाचे केंद्र भिलाईच्या परिसरात आहे.

भिलाई हे नाव उच्चारताच पोलाद डोळ्यांसमोर येते. 1955 च्या फेब्रुवारीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. राजहराच्या डोंगरातील खनिजावर उभे राहिलेले हे नगर नियोजनयुगाच्या भविष्यस्वप्नाचे मूर्त रूप होते. त्या काळातील विज्ञानकथाच म्हणावी असे. छत्तीसगडचा हा मुलूख मराठी वाचकालाही परका नाही. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी 1758 पासून 1787 पर्यंत रतनपूरहून तेथील कारभार पाहत होते, आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा प्रदेश त्या राज्याशी जोडलेला होता. या पोलादनगरीच्या आसपासच्या खेड्यांत, भट्ट्या पेटण्याच्या कितीतरी आधीपासून, पंडवानी गायिली जात होती.

पंडवानी म्हणजे पांडवांची वाणी, पांडवांची कथा. एक मुख्य गायक, त्याच्या हाती तंबुरा आणि करताल, सोबत वादक, आणि त्यांच्यात एक ‘रागी’, असे तिचे स्वरूप असते. रागी केवळ हुंकार देत नाही. तो विचारतो, शंका घेतो, आश्चर्य व्यक्त करतो आणि कथेला पुढे ढकलतो. तिच्या दोन शाखा मानल्या जातात. वेदमती शाखेचा गायक सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईतील महाभारताला धरून राहतो. झाडूराम देवांगन, पुनाराम निषाद, ऋतू वर्मा ही त्या शाखेतील मान्यवर नावे. कापालिक शाखेत मात्र कथा गायकाच्या कपाळात, म्हणजे स्मृतीत आणि कल्पनेत असते. घटनाक्रम परंपरेने ठरलेला, परंतु पात्र त्या क्षणी कसे बोलेल, कशावर चिडेल, कोणाला काय टोमणा मारील, हे गायकाने तेथल्या तेथे ठरवायचे असते. ग्रंथनिष्ठा आणि स्वैर घडण यांच्यातील हा भेद संगणकीय खेळांतही आढळतो. प्रस्थापित विश्वाचे नियम कितपत पाळावयाचे आणि आपले पात्र त्यात कोठपर्यंत मोकळे सोडावयाचे, या वादावर तेथेही दोन पक्ष असतात.

भिलाईजवळच्या गनियारी गावात 1956 मध्ये जन्मलेल्या तीजनबाईंनी कापालिक शाखेला जगभर नेले. पारधी समाजातील या मुलीने आपल्या आजोबांच्या, ब्रजलाल यांच्या, तोंडून महाभारत ऐकले आणि ते पाठ केले. वयाच्या तेराव्या वर्षी दुर्ग जिल्ह्यातील चंद्रखुरी गावी तिने पहिला जाहीर प्रयोग केला. त्या काळी स्त्रिया पंडवानी बसून, वेदमती पद्धतीने गात. उभे राहून, रंगमंच व्यापून, भीमाच्या आवेशाने गाणे हा पुरुषांचा प्रांत होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. त्याची किंमत समाजाच्या बहिष्काराच्या रूपाने त्यांना द्यावी लागली आणि झोपडी बांधून एकटे राहावे लागले. पुढे हबीब तन्वीर यांच्या नजरेने त्यांची गुणवत्ता हेरली. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली, देशोदेशी प्रयोग झाले. 1995 मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, 2003 मध्ये पद्मभूषण आणि 2019 मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांच्याकडे चालत आले.

त्यांच्या सादरीकरणात तंबुरा हे एकमेव उपकरण कधी भीमाची गदा होते, कधी अर्जुनाचे धनुष्य, कधी द्रौपदीचे मोकळे केस. द्रौपदीचे वस्त्रहरण आणि दुःशासनवध हे त्यांचे गाजलेले प्रसंग. येथे पात्ररचनेच्या दृष्टीने मूलभूत अशी एक गोष्ट घडते. दुःशासनाचा उन्माद, युधिष्ठिराची खाली गेलेली मान, भीमाचा अनावर क्रोध आणि द्रौपदीचा आक्रोश हे सारे एकाच कंठातून येते. अपराध करणारा आणि तो सोसणारी यांना दोन स्वतंत्र देह मिळत नाहीत. एका पात्राचा दोष रंगवून झाल्यावर त्या दोषाचा घाव दुसऱ्या पात्रात शिरून गायिकेलाच सोसावा लागतो. पंडवानीतला दोष म्हणून कधी अलंकार बनत नाही.

भूमिका-खेळांच्या आधुनिक इतिहासात दोषाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. 1974 मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि कागद, पेन्सिल व फासे यांच्या साहाय्याने पात्र जगण्याचा हा प्रकार रूढ झाला. कंकाच्या वाचकाला यातील फाशांचे अस्तित्व सूचक वाटल्यावाचून राहणार नाही. 1977 मध्ये मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळाने ही पद्धत अंतराळात नेली. त्यात खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्राची नोकरी, बढती, वाढते वय यांचा हिशेब फाशांनी ठरत असे, आणि हे पूर्वायुष्य रचत असतानाच पात्राचा मृत्यूही होऊ शकत असे. तेथे उणीव ही भोगलेल्या आयुष्याची खूण होती. 1978 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी संगणकावर अनेकांनी एकाच वेळी, केवळ मजकुराच्या आधारे वावरावयाचे जग रचले, आणि पुढच्या काळातील जालावरील खेळांचा पाया घातला गेला.

या प्रवासात एक महत्त्वाचे वळण 1981 मधील ‘चॅम्पियन्स’ आणि 1986 मधील ‘गर्प्स’ या खेळांत आढळते. ‘गर्प्स’ची रचना तर विज्ञानकल्पितासह कोणत्याही विश्वाला लागू पडेल अशी होती. या पद्धतीत खेळाडूने आपल्या पात्राला एखादा दोष दिला की त्या बदल्यात त्याला काही गुण मिळत आणि ते खर्चून तो एखादे सामर्थ्य विकत घेऊ शकत असे. व्यसन, शत्रू, भीती, अविचार, प्रत्येकाचे मोल ठरलेले. या व्यवस्थेने सदोष पात्राला प्रतिष्ठा दिली हे खरे. परंतु त्याचबरोबर दोषाला नाण्याचे रूप दिले. चतुर खेळाडू असा दोष निवडू लागला, की जो कागदावर राहील आणि खेळात कधी आडवा येणार नाही. दोष घेतला गेला, पण तो सोसला गेला नाही.

मराठी वाङ्मयाने हा धडा निराळ्या वाटेने गिरवलेला आहे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (1959), इरावती कर्वे यांची ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (दोन्ही 1967) या कृतींनी महाभारतातील व्यक्तींकडे त्यांच्या उणिवांच्या बाजूने पाहिले. ययातीची वासना पुरूला तारुण्य द्यावयास लावते. तिचे वजन कथेत येते ते पुरूमुळे. विज्ञानकथेत मात्र परिस्थिती वेगळी राहिली. जयंत नारळीकर (1938–2025) यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथेला नवा जोम आला. परंतु या प्रकारात मुख्य नायकत्व बहुधा कल्पनेकडे असते आणि माणूस तिच्या सिद्धीचे साधन ठरतो, हा आक्षेप समीक्षकांनी घेतलेला आहे व तो सर्वस्वी निराधार नाही. जालावरील विज्ञानकल्पित खेळांनी हे प्रमाण उलटे केले. तेथे विश्व आणि त्याचे विज्ञान आधीच सिद्ध असते. उरते ते केवळ माणूस घडवण्याचे काम. विज्ञानकथेत दुबळा राहिलेला घटक येथे खेळाडूच्या हाती येतो. म्हणूनच तो कसा हाताळला जातो, हा प्रश्न मनोरंजनाच्या पलीकडे जातो.

विराटपर्वातील कंकाकडे या संदर्भात पुन्हा वळणे आवश्यक आहे. कीचक भर दरबारात सैरंध्रीला लाथ मारतो. कंक तेथेच बसलेला आहे. ओळख उघड झाली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, हा करार सर्वांना बांधून आहे. युधिष्ठिर भूमिका सोडत नाही. उलट, नटीसारखी रडून तू राजसभेतील द्यूतात व्यत्यय आणते आहेस, अशा अर्थाचे कठोर शब्द तो तिला सुनावतो. ज्या सभेत त्याच्या द्यूतामुळे तिची विटंबना झाली होती, तिचीच ही छाया आहे. फरक इतकाच की आता द्यूत हा त्याचा मोह नसून त्याची भूमिका आहे. द्रौपदीला मात्र या फरकाचा काही उपयोग नाही. मराठी रंगभूमीवर कृ. प्र. खाडिलकरांनी ‘कीचकवध’ (1907) या नाटकात हाच प्रसंग राजकीय रूपक म्हणून उभा केला आणि 1910 मध्ये इंग्रज सरकारने ते नाटक बंद पाडले. नाटकात घेतलेले सोंग सोंगापुरते राहत नाही, हे सत्ताधाऱ्यांनाही कळत होते.

‘हा तर केवळ खेळ आहे’ या समर्थनाची कसोटी येथेच लागते. 2003 पासून चालू असलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळ-खेळात फसवणूक आणि विश्वासघात हे बहुतांशी नियमांत बसणारे डाव मानले जातात. दगाबाज पात्र रचणारा तेथे उत्तम खेळाडू ठरू शकतो. परंतु त्याच्या दग्याने ज्याची महिनोन्‌महिन्यांची कमाई जाते, तो पडद्यापलीकडचा दुसरा माणूसच असतो. पंडवानीची गायिका दुःशासनानंतर द्रौपदी होते. पडद्याआडच्या खेळाडूवर ती सक्ती नाही. त्याला स्वतःचा दोष जगता येतो, त्याचा घाव मात्र दुसऱ्याकडे जातो. नव्या खेळांत आणि जुन्या कलेत खरा भेद असेल तर तो हा आहे. यंत्राचा किंवा काळाचा नव्हे.

या भेदावरून नव्या खेळांना हीन ठरवण्याचे मात्र कारण नाही. ‘ट्रॅव्हलर’मधील थकलेल्या, जखमी पात्रांची परंपरा आणि सहखेळाडूंच्या साक्षीने पात्राच्या चुका निस्तरण्याची मजकुराधारित खेळांतील शिस्त यांत पंडवानीच्या जवळ जाणारे बरेच काही आहे. रागीचे स्थान तेथे सहखेळाडूला मिळते. तोच विचारतो, अडवतो, आणि दोषाला उत्तर मागतो. ज्या खेळात असा रागी नसतो, तेथे सदोष पात्र म्हणजे केवळ मुखवट्यावर काढलेला व्रण ठरते.

विराटपर्वाच्या अखेरीस विराटराजा रागाच्या भरात कंकाच्या तोंडावर फासा फेकून मारतो. रक्त येते. ते भूमीवर पडू नये म्हणून युधिष्ठिर ओंजळ धरतो आणि द्रौपदी धावत येऊन पात्र पुढे करते. ज्या फाशांनी तिचा अवमान केला, त्या फाशांनी झालेली जखम तीच झेलते. त्यानंतर अज्ञातवास संपतो आणि कंक पुन्हा युधिष्ठिर होतो. पंडवानीतही प्रयोग संपतो, गायिका कपाळावरचा घाम पुसते आणि तंबुरा, जो घटकाभर गदा होता, खाली ठेवते. गदा ठेवली जाते. तिने केलेल्या घावाची आठवण तिच्याजवळ आणि ऐकणाऱ्यांजवळ राहते.