यमनापूरचा लौकिक

मराठीत काही जातिनामांच्या शिव्या झाल्या आहेत. 'भामटा' म्हटले की फसविणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो; या नावाची एक जात आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. 'बेरड' या शब्दाची गत तीच. मार खाऊनही न बधणाऱ्या कोडग्या पोराला घरातली वडीलधारी माणसे सहज 'बेरड' म्हणतात. पण बेळगावकराने हा शब्द उच्चारला तर त्याला केवळ अर्थ नसतो, पत्ताही असतो. शहराच्या उत्तरेस, काकतीकडे जाणाऱ्या महामार्गाच्या अंगाने यमनापूर नावाची वस्ती आहे. ती बेरडांची. काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्माचे जन्मगाव म्हणून अभिमानाने सांगितले जाते. त्याच वाटेवरच्या यमनापूरच्या वाट्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच लौकिक आला, तो चोरांच्या वस्तीचा.

गावाचे नाव बद्द होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न आम्हांस येथे तपासावयाचा आहे. वस्तीचा लौकिक ही हवेत तरंगणारी गोष्ट नसते. तो कोणीतरी लिहिलेला असतो, कोठल्यातरी दप्तरात नोंदलेला असतो. आणि एकदा नोंदला गेला की वस्तीतल्या माणसाने काहीही केले तरी तो त्या नोंदीचाच पुरावा ठरतो.

प्रथम हा समाज स्वतःला कोण समजतो ते पाहू. कानडीत 'बेड' म्हणजे शिकारी. बेड, बेडर, बेरड, नायक, तळवार अशा नावांनी हा समाज कृष्णेच्या दोन्ही काठांवर पसरलेला आहे. त्याच्या स्मरणात सुरपूरचे नायक आहेत. १७०५ साली औरंगजेबाने स्वतः वेढा घालून जिंकलेले वागिणगेरे हे त्यांचेच ठाणे. बादशहाची ही अखेरची मोठी मोहीम, आणि त्या वेढ्यात बेडरांच्या मदतीला मराठी फौजा धावल्या होत्या. पुढे १८५७ च्या नोव्हेंबरात मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडरांनी इंग्रजांच्या शस्त्रबंदीच्या कायद्याप्रमाणे हत्यारे देण्यास नकार दिला. फौज आली, गाव जाळले गेले, एकोणीस जणांना फाशी झाली. त्या प्रसंगावर कानडीत लावणी रचली गेली, आणि गंमत अशी की, ती कागदावर उतरवून छापली ती जे. एफ. फ्लीट या इंग्रज अंमलदारानेच. सरकारच्या एका दप्तरात बंडखोर, दुसऱ्यात लोकगीताचे नायक! जत भागातल्या सिंदूरच्या लक्ष्मणाचेही तसेच. पोलिसांच्या लेखी तो दरोडेखोर. कानडी नाटककंपन्यांनी मात्र त्याला रंगभूमीवर वीर म्हणून उभे केले आणि पुढे त्याच्यावर चित्रपटही निघाला.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट रोजच्या पोटापाण्याची आहे. या मुलखात गावची रखवाली पुष्कळ ठिकाणी बेरडांकडे असे. 'तळवार' हे आज आडनाव वाटते. मुळात ते गावराखणीच्या हुद्द्याचे नाव. रात्री गस्त घालणे, वाटसरूंवर नजर ठेवणे, चोरी झाली तर माग काढणे, तो माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तेथल्या राखणदाराच्या हवाली करणे, अशी ती कामे. मोबदला म्हणून जमीन किंवा बलुते. दख्खनच्या पुष्कळ भागांत माग न लागल्यास भरपाईची जबाबदारीही राखणदारावर येई. या व्यवस्थेत एक जुना व्यवहारी तर्क होता: ज्याला रानवाटा ठाऊक, ज्याला अंधाराचे भय नाही, त्याच्याच हाती गाव सोपवावे. या तर्काची दुसरी बाजू उघड आहे. जो राखू शकतो तो नेऊही शकतो, हा संशय राखणदाराच्या पाठीशी पहिल्यापासूनच होता.

इंग्रजी अंमलात ही घडी विसकटली. कित्तूर पडल्यानंतर शेतसनदींच्या जमिनींचा प्रश्न किती पेटला, हे संगोळ्ळी रायण्णाच्या बंडावरून दिसते. रायण्णा जातीने कुरुब होता, बेरड नव्हे. पण तो स्वतः शेतसनदी होता आणि १८३१ साली नंदगडला फासावर गेला. त्याच सुमारास, १८३२ मध्ये, पुण्यात उमाजी नाइकाला फाशी झाली. तोही रखवालदार रामोश्यांतलाच. नवी पोलीस यंत्रणा उभी राहिली तशी गावराखणीची जुनी कामे ओसरली, जमिनी आक्रसल्या, आणि हाती उरले ते अंधारात चालण्याचे कसब. कालचा राखणदार आज संशयित झाला. या स्थित्यंतरात बेरडांच्या स्वभावात काही बदल झाला असे आम्हांस वाटत नाही. बदलली ती त्यांच्याकडे पाहणाराची जागा.

पाहणारा आता लिहूही लागला. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांपैकी बेळगावचा खंड १८८४ चा. एकेका जातीचे रंगरूप, अन्न, वस्त्र, देवदेवके आणि 'स्वभाव' अशी वर्णने त्या मालिकेत ओळीने येतात. माणसांच्या समूहाला स्वभाव असतो आणि तो एका परिच्छेदात सांगता येतो, हे त्या काळच्या विद्वत्तेला मान्य होते. १९०८ साली एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर पोलिसांच्या उपयोगासाठी एक पुस्तकच सिद्ध केले; त्यात बेरड आहेत, भामटे आहेत, कैकाडी आहेत, रामोशी आहेत. हे पुस्तक शिपायाच्या हाती पडले म्हणजे ज्ञान संपते आणि कारवाई सुरू होते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली नव्या स्वरूपात सगळ्या हिंदुस्थानला लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये तो पुन्हा घडविला गेला. नोंद झालेल्या माणसाने हजेरी द्यावी, परवान्याशिवाय हद्द ओलांडू नये, सरकारला वाटल्यास तारेच्या कुंपणाआड राहावे. सोलापुरातली कुंपणे गेली, पण 'सेटलमेंट' हे नाव तेथल्या वसाहतींना अजून चिकटलेले आहे. तेथल्या एका वसाहतीचे नाव 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असे आहे, यावर अधिक काय बोलावे!

हा केवळ परक्या राज्यकर्त्याचा एतद्देशीयांविषयीचा आकस होता असे मात्र कोणी समजू नये. ज्या वर्षांत येथे या नोंदी होत होत्या, त्याच वर्षांत लंडनमध्ये चार्ल्स बूथ शहराचा दारिद्र्याचा नकाशा रंगवीत होते. गल्लीगल्लीला रंग दिलेला. सर्वांत खालच्या वर्गाला काळा, आणि त्या काळ्या रंगाचा अर्थ दुर्वर्तनी, अर्धवट गुन्हेगार असा छापलेला. पुढे हा नकाशा सुधारून घेताना त्यांचे सहकारी हद्दीच्या पोलिसाला बरोबर घेऊन वस्त्यांतून हिंडले. बूथ सहृदय माणूस होते, वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी झटले. तरीही पोलिसाच्या सोबतीने पाहिलेली गल्ली ही पोलिसाने दाखविलेली गल्लीच असते. पूर्व लंडन काय आणि यमनापूर काय, वाटाड्या तोच.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. कागदावरची जमात विमुक्त झाली. वस्तीची नोंद मात्र ठाण्याच्या आणि शेजाऱ्यांच्या स्मरणात राहिली. या नंतरच्या काळाचा सर्वांत मोलाचा पुरावा एका यमनापूरकरानेच आपल्या हाती दिला आहे. डॉ. भीमराव गस्ती यांचे 'बेरड' हे आत्मकथन १९८७ साली आले. ज्या भागात बेरडांच्या घरी बहुतांशी कानडी बोलली जाते, तेथला हा लेखक मराठीत लिहितो, आणि पुस्तकाला नाव देतो ते मराठीने शिवी म्हणून वापरलेले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही याच वाटेवरची पुस्तके. लेखकाच्या आडनावात 'गस्त' ऐकू येते, हेही वाचकाने लक्षात घ्यावे. चोर म्हणून रात्रीबेरात्री ज्यांच्या दारावर लाथ बसे, त्यांच्यातल्या एका घराण्याचे नाव पहाऱ्यावरून पडल्यासारखे आहे.

'बेरड' मधून यमनापूर जे दिसते ते बाहेरच्या लौकिकाच्या अगदी उलट नाही; उलट असते तर ते पुस्तक प्रचारकी झाले असते. चोरी कोणी केलीच नाही असा त्याचा दावा नाही. भूक आहे, अज्ञान आहे, देवीला मुली सोडण्याची चाल आहे. पण बाहेरून पाहणाऱ्याला जी गोष्ट कधीच दिसली नव्हती ती या पुस्तकात पहिल्यांदा दिसते: बेळगाव परिसरात कोठेही चोरी होवो, पोलिसांची पहिली धाड यमनापुरावर; आणि त्या धाडीमुळे माणसाचे जे जे बिघडते ते सारे. ज्याला केव्हाही उचलून नेले जाईल त्याला कायमचे काम कोण देणार? काम नाही म्हणून तो भटकणार, भटकतो म्हणून संशय येणार. बाहेरचे लोक वस्तीला धोका समजतात. वस्तीतल्या माणसाला धोका बाहेरून येतो. एकाच वाटेची ही दोन टोके आहेत आणि दोन्हीकडे भीती खरी आहे. आम्हांस या पुस्तकाचे मोल वाटते ते त्यातील दुःखापेक्षा या दृष्टिपालटासाठी.

गस्तींनी पुढे 'उत्थान' या संस्थेच्या द्वारे देवदासी प्रथेविरुद्ध आणि पोलिसी जाचाविरुद्ध दीर्घकाळ काम केले. २०१७ साली ते वारले.

असाच लौकिक आमच्या भागात आणखी एका ठिकाणी पाहावयास मिळतो, पण तो वस्तीला नव्हे, कामाच्या जागेला चिकटलेला. निपाणी ही तंबाखूची पेठ. तेथल्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या हजारो बायका. खाट नाकातोंडात, मजुरी तुटपुंजी, वर मुकादमाची मर्जी. त्यांत देवीला सोडलेल्या स्त्रियाही होत्या. 'वखारीत जाणारी बाई' या शब्दांना गावच्या पांढरपेशा बोलीत जो वास होता तो तंबाखूचा नव्हता. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्त्रियांची संघटना बांधली तेव्हा मजुरीइतकाच अब्रूचा प्रश्न पुढे आला, हे छाया दातार यांच्या अभ्यासात वाचावयास मिळते. १९८२ साली 'युगांतर' या चित्रपटगटाने त्याच बायकांना घेऊन 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा लघुपट केला. येथेही तेच घडले. ज्या बाईबद्दल गाव बोलत होते, ती स्वतः बोलू लागल्यावर बेअब्रू नेमकी कोणाची, असा प्रश्न उभा राहिला.

आता थोडे आमच्या सीमाभागाविषयी, कारण येथे हा विषय आणखी एका अंगाने टोचतो. १९५६ पासून येथला मराठी माणूस सांगत आला आहे की, आमची ओळख आम्हांला न विचारता दुसऱ्यांनी कागदावर ठरविली. ही तक्रार आम्ही खरी मानतो. पण तोच माणूस यमनापूरची ओळख यमनापूरला न विचारता ठरवितो, तेव्हा त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आपल्यावरचा शिक्का सलतो, आपण मारलेला दिसत नाही.

सीमेने बेरडांना तर दोन वेगळे शिक्के दिले. महाराष्ट्रात बेरड हे विमुक्त जातींच्या यादीत आहेत, म्हणजे त्यांची ओळख रद्द झालेल्या कायद्याच्या आठवणीवरच उभी. कर्नाटकात १९९१ च्या दुरुस्तीने नायक, बेड, बेडर, वाल्मीकी ही नावे अनुसूचित जमातींत आली. तेथे ते आदिम रानाचे वारस. निपाणी सोडून कोगनोळीचा नाका ओलांडला की कागलचा मुलूख लागतो, पाऊणएक तासाची वाट नाही. तेवढ्यात एकाच भावकीचे दोन इतिहास होतात. एका भावाच्या दाखल्यावर एक वर्ग, दुसऱ्याच्या दाखल्यावर दुसरा. दोघांचे कुलदैवत एक, बोली एक. सवलतींच्या हिशेबात हा फरक केवढा मोठा आहे ते तालुका कचेरीत खेटे घालणारालाच ठाऊक.

यमनापूरच्या शिवारात साठीच्या दशकाच्या अखेरीस इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना उभा राहिला. कोल्हापूरच्या डोंगरातले बॉक्साइट तेथे येऊ लागले. 'इंडाल' जाऊन आता 'हिंडाल्को' आहे. देशोदेशीच्या व्यापाऱ्यांना यमनापूर ठाऊक आहे ते ॲल्युमिनाच्या पोत्यांवरच्या पत्त्यामुळे. बेरड या शब्दाचा त्या पत्त्यात कोठेही उल्लेख नाही, आणि गस्तींच्या पुस्तकाचा तर नाहीच.