चटका बसला तर हाक मारा

पुढचा घटनाक्रम कुठल्या एका वृद्धाश्रमाचा नाही आणि यातल्या आजी म्हणजे कोणी एक बाई नव्हे. मधुमेही म्हाताऱ्या माणसांचे पाय शेकाने भाजतात तेव्हा जे जे पुन्हापुन्हा घडतं, ते इथे एका रात्रीत ओळीने मांडलं आहे. जागा पुण्याची धरू, महिना जानेवारीचा, कारण पारा दहाच्या आसपास उतरला की शेकाच्या पिशव्या कपाटातून बाहेर येतात. आजींचं वय ७८. साखर वीस वर्षांपासूनची. बोलणं स्पष्ट, स्मरणशक्ती चांगली, कुरकुर करायचा स्वभाव नाही.

दुपारी ४:३०

तळमजल्यावर फिजिओथेरपीची खोली आहे. आजींना व्हीलचेअरवरून खाली आणलं जातं आणि दुखऱ्या गुडघ्यावर हॉट पॅक ठेवला जातो. हा पॅक म्हणजे चिकणमाती भरलेली जाड कापडाची पिशवी. ती टाकीतल्या सत्तर अंशांहून गरम पाण्यात बुडवून ठेवलेली असते, त्यामुळे थेट अंगावर कधीच ठेवत नाहीत. टॉवेलचे सहा ते आठ पदर, पंधरा-वीस मिनिटं, पाचव्या मिनिटाला पदर उचलून कातडी बघायची, पॅकवर वजन टाकून झोपू द्यायचं नाही. फिजिओथेरपिस्टच्या हातात हे सगळं इतकं मुरलेलं असतं की ते कागदावर उतरवावं असं त्यांच्या मनातही येत नाही. आजींना बरं वाटतं. फाइलमध्ये नोंद होते: ‘शेक, गरजेप्रमाणे.’

कुठल्या भागाला, कशाने, किती वेळ, आणि काढायचा कोणी, यातलं काहीच त्या दोन शब्दांत नाही. रात्र इथूनच बिघडायला लागते.

सायंकाळी ७:००

जेवण होतं, गोळ्या होतात. नसांच्या दुखण्यावरची प्रिगॅबलिन, तिने थोडी गुंगी येते. वर झोपेची अर्धी गोळी.

आजी म्हणतात, “पाय गार पडलेत गं.”

मधुमेहात नसा खराब होतात त्या आधी सगळ्यात लांबच्या, म्हणजे पायाच्या बोटांच्या. तिथून बधिरपणा मोज्यासारखा वर चढत जातो. आजींच्या गुडघ्याला गरम-गार नीट कळतं, घोट्याखाली जवळजवळ काहीच कळत नाही. गंमत वाटावी असा नव्हे, घात करणारा भाग हा की न कळणारे पायही ‘गार पडलेत’, ‘मुंग्या येतात’, ‘आग होते’ असं सांगत राहतात. बिघडलेल्या नसा खोटे निरोप पाठवतात आणि खरे अडवून ठेवतात. त्यात रक्तपुरवठाही कमी. कातडीवर उष्णता आली की वाहतं रक्त ती उचलून शरीरभर पांगवतं, तीच तिची राखण. पायात रक्तच पुरेसं येत नसेल तर उष्णता जिथल्या तिथे साचते.

तळपायाची संवेदना तपासायला १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा लागतो. तो टेकवून ‘कळलं का?’ विचारायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. आजींच्या फाइलमध्ये साखरेचे आकडे पानोपानी आहेत. पायाची ही तपासणी कुठेच नाही.

रात्री ८:००

ड्युटी बदलते. दिवसाच्या सिस्टर निघताना सांगतात, “सात नंबरच्या आजींना शेक द्यायचाय.” गुडघा हा शब्द राहून जातो. रात्रीला मजल्यावर एक सिस्टर आणि ब्युरोकडून आलेल्या दोन मावशी. पेशंट पंचवीस. सिस्टर मावशींना सांगतात, “सात नंबर, शेक.” आणि सात नंबरच्या आजी पाय गार पडल्याचं संध्याकाळपासून सांगतच आहेत. दुपारचा गुडघ्याचा शेक कोणाच्याही लक्षात न येता पावलांवर येऊन पोचतो.

रात्री ९:४०

स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळतं आणि उकळतंच रबरी पिशवीत ओतलं जातं. पिशवी तोंडापर्यंत भरते. खरं तर उकळतं पाणी भरायचंच नसतं, दोन-तृतीयांश भरून आतली हवा दाबून काढायची असते. मावशी पिशवीवर तळहात ठेवून बघतात. या हातांनी आयुष्यभर तव्यावरच्या भाकऱ्या उलटल्या आहेत, चिमटा न घेता पातेली उतरवली आहेत. त्या हाताला पिशवी बेताची गरम लागते. पिशवीला पातळ पंचा गुंडाळला जातो.

मावशींना मी दोष देणार नाही, आणि इथे स्पष्ट लिहावंसं वाटतं की दुसऱ्या दिवशी जो तो तेवढंच करतो. त्या दिवसभर दुसरीकडे काम करून रात्रीला आल्या आहेत. शेक त्यांनी घरी पाहिलेला आहे: मिठाची पुरचुंडी, तव्यावर शेकलेलं रुईचं पान, गरम विटेवर फडकं. बाळंतिणीला दिलेला, लचकलेल्या पाठीला दिलेला. तो शेक घेणारं माणूस जागं असायचं आणि चटका बसला की हात झटकायचं. बधिर पायाला शेक देणं ही निराळी गोष्ट आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नाही.

रात्री ९:५०

पिशवी दोन्ही पावलांखाली सारली जाते. टाचा तिच्यावर टेकतात, वर रजई, रजईच्या कडा गादीखाली खोचलेल्या. मावशी आजींच्या कपाळावरून हात फिरवतात.

“चटका बसला तर हाक मारा हं, आजी.”

“मारीन. तू जा, बाकीच्यांचं बघ.”

या घटकेपासून मजल्यावर कोणीच पहाऱ्यावर नाही. पहारा आजींच्या तळपायांकडे सोपवला आहे, आणि ते वर्षानुवर्षं बधिर आहेत.

रात्री १०:१०

वीस मिनिटं झाली. शेक इथे संपायला हवा होता. आजींना झोप लागली आहे.

अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी डुकरांच्या कातडीवर आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून १९४७ मध्ये दाखवलं की कातडी भाजायला उकळत्या पाण्याची गरजच नसते. ४४ अंश सेल्सिअस ही आंघोळीच्या कढत पाण्याएवढी उष्णता. तीही कातडीला सुमारे सहा तास लागून राहिली की कायमची इजा करते. तिथून पुढे प्रत्येक अंशागणिक लागणारा वेळ साधारण निम्म्यावर येतो. त्या देशात वृद्धांच्या नर्सिंग होमची तपासणी करणाऱ्या सरकारी निरीक्षकांच्या मार्गदर्शिकेत पाण्याच्या तापमानाचा तक्ताच दिलेला आहे: ६० अंशांना गंभीर भाजायला पाच सेकंद, ४९ अंशांना पाच मिनिटं. म्हाताऱ्या, पातळ झालेल्या, रक्त कमी पोचणाऱ्या कातडीला याहूनही कमी वेळ पुरतो. टाचेच्या वजनाने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबलेल्या असतात, म्हणून टाच सगळ्यात आधी जाते.

‘पिशवी काय, तास-दोन तासांत निवते’ हा भरवसा म्हणूनच फसवा आहे. पिशवी निवते हे खरं. तोवर तिचं काम पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात होऊन गेलेलं असतं.

रात्री ११:३०

बारा नंबरचे आजोबा बाथरूमच्या दारात पडतात. सिस्टर आणि दोन्ही मावशी तिकडे धावतात. टाके, फोन, रुग्णवाहिका. शेक दिलेली वेळ कुठे लिहिलेली नाही, त्यामुळे तो काढायची आठवण करून देणारं काहीच नाही.

रात्री १:००

राउंड. टॉर्चचा झोत आजींच्या चेहऱ्यावरून फिरतो. श्वास संथ. रजई कोणी उचलत नाही. झोपलेल्या माणसाला थंडीत कशाला उघडं करायचं? नोंदवहीत लिहिलं जातं: ‘पेशंट शांत झोपले आहेत.’

शांत झोपणं हे सगळं ठीक असल्याचं लक्षण नसतं, हे आपल्या देशात कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्यांनी फार आधी ओळखलं. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ पासून वेल्लोरला काम करत होते. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं जातात ती दुखत नाही म्हणून. चुलीवरचं भांडं उचलताना हात पोळतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं जाऊ लागलं. कुष्ठरोगाच्या संस्थांमध्ये रोज हातपाय डोळ्यांनी तपासायची सवय रुग्णांना मुद्दाम लावतात. जे कातडीला कळत नाही ते डोळ्यांनी बघायचं. मधुमेहींनी भरलेल्या आपल्या वृद्धाश्रमांत ही साधी सवय अजून पोचलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहाटे ३:३०

आजी कूस बदलायचा प्रयत्न करतात. पाय पिशवीवरून थोडा सरकतो. पिशवी आता कोमट आहे.

पहाटे ५:४५

मावशी अंग पुसायला गरम पाणी घेऊन येतात. रजई दूर करतात आणि तशाच थांबतात. डाव्या टाचेवर लिंबाएवढा फोड, त्याच्या शेजारी पांढुरका, मेणचट चट्टा. उजव्या पायाच्या बोटांवर फोड फुटून पंचा चिकटला आहे. जोडवी सुजेत रुतली आहेत.

आजी विचारतात, “काय गं, काय बघतेस?”

त्यांना दुखत नाही. पांढुरक्या, मेणचट कातडीचा अर्थ भाजणं खोलवर गेलं आहे.

यानंतरची दहा मिनिटंही बहुतेक ठिकाणी चुकतात. कोणी हळद आणतं, कोणी टूथपेस्ट, कोणी बर्फ. यातलं काहीही लावायचं नसतं. भाजल्यावर पहिल्या तीन तासांत कळलं तर नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, अंग पांघरुणात ठेवून. फोड फोडायचे नाहीत, चिकटलेलं कापड ओढायचं नाही, जोडवी सूज वाढण्याआधी उतरवायची, नाही निघाली तर कापायची. स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून सरळ रुग्णालय गाठायचं. मधुमेह्याचं पाऊल भाजलं की जखम कितीही लहान दिसो, ती डॉक्टरांनी त्याच दिवशी बघितलीच पाहिजे. आजींच्या बाबतीत थंड पाण्याची वेळ मात्र झोपेतच निघून गेली आहे.

सकाळी ७:३०

मुलाला फोन जातो. “पिशवी हाताला कोमटच लागत होती, आणि आजी काही बोलल्याच नाहीत.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहाटे निवलेली पिशवी बघून रात्रीच्या पिशवीवर कोणाचा विश्वास बसत नाही. आणि आजी बोलल्या नाहीत, कारण बोलण्यासारखं त्यांना काही जाणवलंच नाही. फोनवर ते वाक्य मात्र आजींचीच चूक असल्यासारखं उमटतं, आणि पुढचे कित्येक दिवस त्या येईल त्याला सांगत राहतात, “मला कळायला हवं होतं.”

पुढचे आठवडे

दहाव्या दिवशी टाचेवरची कातडी काळी पडून कडक होते. ती कापून काढावी लागते. जंतुसंसर्ग होतो, त्याने साखर चढते, चढलेल्या साखरेने जखम भरत नाही. कातडीचं रोपण करायचं तर खाली रक्तपुरवठा हवा, तो कमी. एखादं बोट जातं. कधी पाऊल जातं. आधाराने संडासापर्यंत चालत जाणारी बाई कायमची खाटेला लागते, आणि मग शय्याव्रण, छातीत कफ, ही उतरण वृद्धाश्रमात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

इकडे आश्रमाच्या भिंतीवर सूचना लागते: ‘आजपासून शेक बंद.’ हाही अन्यायच आहे. ज्यांच्या संवेदना शाबूत आहेत त्यांच्या आखडलेल्या पाठीला, दुखऱ्या गुडघ्याला शेकाने खरोखर आराम पडतो, आणि तो वेदनाशामक गोळीहून पोटाला सोसणारा आहे. बंद करायचा तो झोपलेल्या माणसाचा शेक. बधिर हातापायांचा, अर्धांगाने लुळ्या पडलेल्या बाजूचा, विस्मृतीमुळे सांगू न शकणाऱ्यांचा. ज्यांच्या अंगावर कॅन्सरच्या वेदनांसाठी फेंटानिलची पट्टी आहे त्यांचाही, कारण उष्णतेने औषध कातडीतून भराभर रक्तात उतरतं आणि श्वास मंदावू शकतो. विजेवर तापणाऱ्या पॅडबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आणि ग्राहक सुरक्षा आयोगाने झोपलेल्या व बधिर कातडीच्या माणसांसाठी इशारा दिला तो १९९५ मध्ये. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या विजेच्या जेलपिशवीलाही तोच लागू आहे. ठरावीक तापमानाला तिचा दिवा विझतो एवढंच. तिच्याखाली कोणाची कातडी आहे, हे तिला कळत नाही.

ज्यांना शेक द्यायचा, त्यांच्या फाइलमध्ये भाग, साधन, मिनिटं आणि काढणाऱ्याचं नाव लिहायचं. भरण्याआधी पाण्यात थर्मामीटर बुडवायचा. पाचव्या मिनिटाला कातडी बघायची. घड्याळाचा गजर लावायचा, आणि काढल्यावर पुन्हा कातडी बघून सही करायची. रात्री मजल्यावर तीन माणसं असतील तर झोपायच्या वेळी शेक द्यायचाच नाही, संध्याकाळी द्यायचा.

आणि पाय गार पडले म्हणणाऱ्या आजींना सैल लोकरी मोजे घालायचे. पिशवी वापरायचीच तर आजी अंथरुणात येण्याआधी अर्धा तास रजईत ठेवायची आणि त्या टेकायच्या आत बाहेर काढून स्वयंपाकघरात परत न्यायची. आई-वडिलांना अशा ठिकाणी ठेवलेल्यांनी पुढच्या भेटीत एवढं विचारावं: इथे शेक दिला तर तो काढतं कोण, आणि किती वाजता?