'के' अक्षराचं वर्ष

1785 सालचं लंडन. फॉस्टर लेनवरच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, जिथे चांदी कसाला लागते, तिथे तुम्ही उभे आहात. भट्टीची धग तोंडावर येतेय. समोर बनहिल रोच्या बेटमन कारखान्यातून आलेले चमचे पडलेत. एक उचला. दांड्याच्या पाठीवर वळणदार एच आणि बी. हा शिक्का कारखान्यातूनच मारून आलाय. बाकीचे इथे मिळायचेत, तेही चांदी कसाला उतरली तरच.

चमच्याच्या अंगाचा बारीक कीस निघतो. त्याचं वजन होतं, तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळला जातो आणि हाडांच्या राखेच्या इवल्याशा वाटीतून भट्टीत जातो. वाकून बघा. शिसं वितळतं, चांदीतल्या तांब्याला सोबत घेऊन राखेत मुरतं, आणि वाटीत निव्वळ चांदीचा मणी उरतो. तो पुन्हा तराजूत. हजारात 925 भाग चांदी भरायलाच हवी. कमी भरली तर माल मोडून टाकतात.

हा चमचा उतरला. आता ठोके ऐका. पंजा उचलून चालणारा सिंह, म्हणजे चांदी कसाची. मुकुट घातलेलं बिबट्याचं तोंड, म्हणजे लंडन. बारीक 'के', म्हणजे मे 1785 पासूनचं वर्ष. आणि तिसऱ्या जॉर्जचं मस्तक, म्हणजे औंसामागे सहा पेन्स कर भरलेला. या मस्तकावरून बोट फिरवा. ते उठावाचं नाही, आत खोल गेलेलं आहे, आणि डावीकडे बघतंय. डिसेंबर 1784 मध्ये कर लागला तेव्हा ठसा असा होता. 1786 मध्ये तो बदलला. मस्तक उठावाचं झालं आणि उजवीकडे बघू लागलं. उद्या वापरून वापरून 'के' पुसलं गेलं, तरी या खोलगट मस्तकावरून चमचा त्या दीड वर्षातलाच, हे सांगता येतं. सगळ्या शिक्क्यांत माझा जीव याच्यावर.

आता बनहिल रोला चला. हेस्टर बेटमनने पंचाहत्तरी ओलांडलीय. नवरा जॉन 1760 मध्ये गेला, हत्यारं तिच्याकडे आली, आणि एप्रिल 1761 मध्ये तिने गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये स्वतःचा शिक्का नोंदवला. कारखान्यात बघा: पीटर आणि जोनाथन हे मुलगे, शिवाय इतर कारागीर. म्हणून एच-बी दिसताच 'हा हेस्टरच्या हातचा' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. घाव कुणाचाही असेल. चांदी हिणकस निघाली असती तर जाब मात्र तिलाच द्यावा लागला असता, आणि वयाच्या त्या टप्प्यावरही ती तो पत्करून बसली होती.

1790 मध्ये ती कामातून बाजूला झाली. त्यानंतरच्या बेटमन चांदीवर एच-बी शोधू नका. आधी पीटर-जोनाथनचा जोडशिक्का दिसेल; जोनाथन 1791 मध्ये वारला, मग पीटरच्या जोडीला जोनाथनच्या विधवेची, ॲनची, आद्याक्षरं येतात.