दवाखान्यातली बाटली आणि कायद्याची फट

जुन्या खाजगी दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीला लागून एक लाकडी आडोसा असे. त्याच्या छोट्या खिडकीतून कंपाउंडरचा फक्त हात दिसे. रोग्याने घरून आणलेली बाटली आत जाई आणि लाल औषध भरून, खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवून बाहेर येई. एक खाच म्हणजे एक डोस. पट्टीवर औषधाचे नाव नसे. ते विचारण्याची पद्धतही नव्हती. ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ एवढे पुरे होई.

हा गुण सरकारी कागदावर मोजायचा पहिला मोठा प्रयत्न १९३०चा. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. बाजारात कमी ताकदीची आणि भेसळीची औषधे राजरोस विकली जात होती, त्यांत हिवतापावरचे क्विनीनही होते. समितीने १९३१मध्ये अहवाल दिला. औषधांवर कायदा हवा आणि ती बनवून देणाऱ्याला शिक्षण हवे, असे तिचे सांगणे होते. कायदा व्हायला १९४० उजाडले. नियम १९४५मध्ये आले आणि फार्मसी कायदा १९४८मध्ये.

या सगळ्यात तो लाकडी आडोसा कुठे बसतो? बसतच नाही, आणि हेच मला लक्षणीय वाटते. फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमाने औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला दिला. पण डॉक्टर स्वतःच्या रोग्यांना औषध देत असेल तर ते कलम त्याला लागू नाही. ते सक्तीचे व्हायलाही फार वेळ गेला: १९७६च्या दुरुस्तीने राज्यांना आणखी आठ वर्षांची मुदत दिली. औषध नियमांच्या ‘के’ अनुसूचीतही अशीच सूट आहे. डॉक्टरने उघडे दुकान मांडू नये, परवानाधारकाकडूनच माल घ्यावा आणि खरेदीची नोंद बॅच क्रमांकासह ठेवावी, अशा अटींवर त्याला विक्रीच्या परवान्याची गरज नाही. त्या काळी ही सवलत अन्यायाची नव्हती. खेड्यात औषधाचे दुकान दहा कोसांवर असायचे; डॉक्टरने औषध दिले नाही तर देणार कोण?

पण बॅच क्रमांक ही बारीक वाटणारी अट किती मोलाची आहे, ते १९८६मध्ये मुंबईत दिसले. जे. जे. रुग्णालयात मेंदूवरची सूज आणि डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ग्लिसरॉल दिलेले चौदा रोगी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. ते गोडसर आणि दाट असते. डोळ्यांना वा जिभेला फरक कळत नाही. याच विषाने १९३७मध्ये अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’मधून शंभराहून अधिक बळी घेतले होते, आणि तिथला १९३८चा कायदा त्यातूनच आला. म्हणजे धोका वैद्यकाला अर्धशतक ठाऊक होता. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयातल्या खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांवर कठोर ताशेरे ओढले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

इतक्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, जिथे भांडारही होते आणि कागदपत्रेही, तिथे ही गत. मग दवाखान्यातल्या कपाटाची तपासणी कोण करत होते? नियमाप्रमाणे निरीक्षकाला नोंदी पाहता येतात. पण डब्यातून मोजून कागदात बांधलेल्या चार गोळ्यांचा बॅच क्रमांक डब्यावरच राहतो. कंपनीने ती बॅच परत मागवली तर दुकानदार आपल्या फळीवरची पाकिटे काढून देऊ शकतो. डॉक्टर उरलेला डबा परत करील, वाटलेल्या पुड्या मात्र कोणाच्या घरी गेल्या हे त्यालाही सांगता येणार नाही. मुदत संपल्याची तारीखही त्या पुडीवर नसते.

लाल औषध आता जवळपास गेले, कंपाउंडरही गेला. पण छोट्या दवाखान्यांत पारदर्शक पिशवीतून सुट्या गोळ्या अजून मिळतात, आणि पिशवीवर पेनाने ‘सकाळी १, रात्री १’ एवढेच लिहिलेले असते.