सीझियम-१३७ : शरीरातील शोषण व परिणाम

किरणोत्सारी समस्थानिक, अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. रासायनिक गुणधर्म पोटॅशियमसारखे असल्याने अन्नातून पोटात गेल्यावर तो रक्तात शोषला जातो आणि मुख्यतः स्नायूंमध्ये पसरतो. त्याच्या बीटा व गॅमा किरणांनी पेशींत आयनीभवन होऊन डीएनए तुटतो. झपाट्याने विभागणाऱ्या अस्थिमज्जेच्या पेशी आधी मरतात. मग जंतुसंसर्ग व रक्तस्राव बळावतात. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात बंद पडलेल्या उपचारकेंद्रातले बेवारस यंत्र भंगार वेचणाऱ्यांनी नेले. त्यातली सीझियमची निळी चमकणारी भुकटी कौतुकाने घरोघर पोहोचली. चौघे दगावले, त्यांत सहा वर्षांची मुलगी होती. ही हानी सर्वस्वी टाळता येण्याजोगी होती. प्रशियन ब्लू हे औषध आतड्यातील सीझियम बांधून विष्ठेवाटे बाहेर काढते.